एक, कदाचित

नकाशात आमचा ओढा निळा आहे,
प्रत्यक्षात चहाच्या चोथ्याचा रंग.
मालगाडीचे रूळ आणि घरांची मागची कुंपणं
यांच्यामध्ये उरलेली ही चिंचोळी पट्टी,
सिडनीनं विसरून टाकली म्हणून वाचलेली.
वर राखीव रान, खाली नदीकाठची पाणथळ,
मधल्या सहाशे मीटरांत
टणटणी, गाद्या, सुपरमार्केटची एक ट्रॉली
आणि नुंझियोनं तीस वर्षं कुंपणावरून फेकलेलं
हिरवळीचं कापलेलं गवत.

मी आले ती गुडघ्याचा डॉक्टर "हालचाल ठेवा" म्हणाला म्हणून.
मेर्लनं हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला.
"तण उपटायचं नाही. सोडवायचं.
केसातला गुंता सोडवतात तसं."
एकोणऐंशी वर्षांची बाई, उशीवर गुडघे टेकून,
तीन तासांत जेवणाच्या टेबलाएवढी जमीन.
मला हसू आलं. लपवलं.

पहिल्या वर्षी घाई झाली.
अनुदान आलेलं, जूनच्या आत संपवायचं होतं.
अर्ज थुईचा, आकडे थुईचे.
यंत्र आलं, आणि एका दिवसात अख्खा उतार
न्हाव्यानं वस्तरा फिरवावा तसा गुळगुळीत.
केशरी जाकिटांत आम्ही फोटो काढले, दात दाखवून.

सोमवारी रेन दिसले नाहीत.
अंगठ्याएवढे पक्षी. नर निळा, गॅसच्या ज्योतीचा निळा,
शेपूट ताठ उभी,
वर्गात उत्तर येणाऱ्या पोराच्या हातासारखी.
ते टणटणीतच राहायचे.
आम्ही जिला शत्रू म्हणत होतो
ती त्यांचं छप्पर होती.
कुणी कुणाला बोललं नाही.
मेर्लनं उशी उचलली.
तीन शनिवार ती आली नाही.

चौथ्या शनिवारी आली, काही न घडल्यासारखी.
"जिथे एक तरी मूळचं रोप तगलंय तिथून सुरुवात.
वीतभर बाहेर.
तेवढी वीत कमरेला लागली
की पुढची."

मग वर्षं वितींनी गेली.
लोमान्ड्रा, टी-ट्री, अंगाला बोचणारा हेकिया.
जानेवारीत बेचाळीस अंश,
डॅरिलच्या ट्रकमधून उतरणाऱ्या बादल्या, निम्म्या सांडलेल्या.
एका रात्री कुणीतरी अठरा बँक्सिया उपटून नेले.
पुन्हा लावले. अकरा जगले.
थुईनं नोंदवही माझ्याकडे दिली,
म्हणाली, तुझं अक्षर बरं आहे.
खरं कारण दोघींना माहीत होतं.

नुंझियोला चिठ्ठी घातली, केक दिला, समजावलं.
"गवतात गवत टाकलं, बिघडलं काय?"
पण त्या जानेवारीत एके सकाळी
त्याच्या टाकीची नळी कुंपणावरून आमच्या बाजूला लोंबत होती,
पाणी चालू.
गवत तो अजून फेकतो. फक्त दुसऱ्या कोपऱ्यात.

सातव्या हिवाळ्यात, सहा वाजून दहा मिनिटांनी, त्याचा फोन.
"तो निळा. तुमचा. आधी टाकीवर होता,
मग त्या काटेरी झाडात. मग पलीकडे."
"नक्की?"
"मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे," तो म्हणाला.

दोन तास बसले. दोन मालगाड्या गेल्या.
बुटात थंडी शिरली. पानसुद्धा हललं नाही.
वहीत लिहिलं : सकाळ, सहा-दहा, वारा नाही.
नर. एक, कदाचित.

मेर्ल आता वृद्धाश्रमात, खिडकी पार्किंगकडे.
चष्मा चढवून तिनं ती ओळ वाचली,
परत वाचली.
"उघड्यावरून उडत गेला, की झुडपं धरत धरत?"

हे मी विचारलंच नव्हतं.

"मग शनिवारी कुंपणापाशी बस," ती म्हणाली,
"आणि ती उशी ने.
इथे देतात मला."